हिवाळ्याचं काम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना सह्याद्रीची वाट दाखवली. माझ्यासारखे काहीजण त्याच वाटेनं पुढे हिमालयात गेले. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून डोंगरांविषयी बोलायला मिळतंय, हा मी माझा सन्मान समजतो. संयोजकांनी विषय सुचवला होता 'हिमालय आणि हवामानबदल'. तासाभरात एवढा मोठा विषय पेलायचा नाही, म्हणून त्यांच्या संमतीनं मी तो आवळून घेतला. आज मी हिमालयातल्या हिवाळ्याविषयी बोलणार आहे.

हिवाळाच का? हिमनद्या वितळताहेत, मागे हटताहेत, हे आपण सगळे ऐकून आहोत. गंगोत्री हिमनदीचं मुख, म्हणजे आपलं गोमुख, १९३५ साली ऑडेन या भूवैज्ञानिकानं नकाशावर नोंदवलं. त्यानंतरच्या सहा दशकांत ते वर्षाला सरासरी वीस मीटरच्या आसपास मागे सरकत गेलं. मी पहिल्यांदा तिथे गेलो १९८०च्या दशकात. बर्फाची निळसर कमान तेव्हा जिथे होती, तिथे आज नुसते दगडगोटे आहेत. बर्फ गाठायला त्याच्याही पुढे चालत जावं लागतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याविषयी भरपूर लिहिलंही गेलंय.

पण या सगळ्या वर्णनांत ऋतू बहुतेक एकच असतो. उन्हाळा. वर्तमानपत्रात बातमीबरोबर छायाचित्र येतं तेही जून-सप्टेंबरचं. काळवंडलेला बर्फ, खालून उसळणारं गढूळ पाणी. त्यामुळे आपल्या मनात चित्र ठसलंय ते असं, की उन्हाळे तापले, बर्फ वितळला, संपली गोष्ट. ही गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. हिमनदीचा हिशेब दोन रकान्यांत मांडावा लागतो. हिवाळ्यात किती बर्फ साठला हा एक रकाना, आणि उन्हाळ्यात किती गेला हा दुसरा. आपण दुसराच रकाना वाचत बसलोय. ज्या डोंगरांत मी तरुणपणापासून जात आलो, तिथे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो पहिला रकाना. हिवाळा उशिरा येतो. अर्धवट येतो. आणि पुष्कळदा नको त्या वेळी येतो. माझं आजचं सांगणं हेच आहे, की हिमालयात उन्हाळा बिघडण्याआधी हिवाळा बिघडतो आहे.

हिवाळा तिथे नेमकं करतो काय? तो पाणी साठवतो. तो डोंगर धरून ठेवतो. आणि झाडांना, माणसांना वेळ सांगतो. यातल्या पहिल्या कामावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तिथलं माणसाचं जगणंच त्या कामावर उभं आहे.

आपण मराठी माणसं पाऊस म्हटला की नैर्ऋत्येकडे पाहतो. काश्मीर, लडाख, लाहौलचा माणूस पश्चिमेकडे पाहतो. भूमध्य सागराच्या बाजूनं निघालेले झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि हिमालयाला धडकतात. हवामानखातं त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतं. पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः त्यांच्याकडून येतो. आता बघा, बर्फ कोणत्या महिन्यात पडतो यावर सगळं अवलंबून आहे. डिसेंबर-जानेवारीत पडलेला बर्फ गोठलेल्या जमिनीवर पडतो. सूर्य खाली असतो, दिवस लहान असतो, त्यामुळे तो टिकतो. त्याच्यावर पुढचा थर बसतो, तो दाबला जातो, घट्ट होतो. मार्च-एप्रिलमध्ये पडलेला तेवढाच बर्फ आठ-पंधरा दिवसांत पाणी होऊन निघून जातो. म्हणजे वर्षाअखेरची बेरीज सारखी आली, तरी डोंगराच्या हाती उरलेलं सारखं नसतं. 'यंदा मार्चमध्ये काय जोरदार बर्फ पडला, कुठे आहे तुमचा हवामानबदल?' असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. त्यांना मी एकच विचारतो: जानेवारीत किती पडला होता?

काश्मीरमध्ये हिवाळ्याची मोजणी घराघरांत चालते. २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो. चाळीस दिवसांची कडक थंडी. मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. या चाळीस दिवसांत पडलेल्या बर्फावर पुढच्या उन्हाळ्याचे झरे, नाले आणि भातशेती चालते. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलानात, साडेआठ हजार फुटांवरच्या गुलमर्गच्या उतारांवर तपकिरी गवत दिसत होतं. २०२५च्या फेब्रुवारीत तिथे व्हायच्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या, त्या मार्चमध्ये झाल्या. स्कीइंगच्या स्पर्धा लांबल्या यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याच फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा झरा आटला. मुघलांनी ज्या झऱ्याभोवती बाग उभी केली, आजूबाजूची गावं ज्याचं पाणी पितात, तो झरा हिवाळ्यात कोरडा पडला. स्पर्धा आणि झरा, दोन्ही बातम्यांच्या मुळाशी न पडलेला बर्फ होता.

आणि हे एकट्या काश्मीरचं नाही. काठमांडूची इसिमोड ही संस्था हिंदुकुश-हिमालयाचा अभ्यास करते. हिवाळ्यात पडलेला बर्फ जमिनीवर किती काळ टिकतो, याची ती उपग्रहांच्या आधारे दरवर्षी पाहणी करते. २०२५च्या हिवाळ्यात हे टिकणं सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होतं. तेवीस वर्षांतला हा नीचांक. आणि सरासरीच्या खाली गेलेला तो सलग तिसरा हिवाळा होता.

एखादा हिवाळा कोरडा जाणं नवं नाही, हे मान्य करायला हवं. जुने लोकही कोरड्या वर्षांच्या आठवणी सांगतात. एका हिवाळ्यावरून कुणीही निष्कर्ष काढू नये. पण आठवणीतलं वाईट वर्ष एकटंदुकटं असायचं. आता ती रांगेनं येताहेत.

मी स्वतः जे जवळून पाहिलं, त्यातली एक जागा सांगतो. झांस्कर नदी. इथे बसलेल्यांपैकी काही तरुण 'चादर', म्हणजे गोठलेल्या नदीवरची वाट, करून आलेले असतील. पूर्वी झांस्करला हिवाळ्यात रस्ता नसायचा, खिंडी बर्फानं बंद व्हायच्या. मग गोठलेली नदी हाच रस्ता. त्या वाटेनं झांस्करी माणसं लोणी घेऊन लेहला जायची, शाळकरी पोरं बापाचा हात धरून जायची. १९९०च्या दशकात, जानेवारीच्या शेवटी मी पहिल्यांदा त्या बर्फावर पाय ठेवला. पुढे आमचा झांस्करी वाटाड्या. हातात काठी. दर काही पावलांवर ती काठी बर्फावर ठोकायची आणि ऐकायचं. भरीव बर्फाचा आवाज टणक येतो, खाली पोकळी असेल तर तो बदबद वाजतो. त्या आवाजावर माणसांचे जीव. पाय उचलायचा नाही, घसटत न्यायचा. रात्री कपारीत, गुहेत मुक्काम. पारा शून्याखाली पंचवीस-तीसवर. सकाळी नदी या काठापासून त्या काठापर्यंत एकसंध पांढरी असायची, आणि खालून पाण्याची घरघर ऐकू यायची.

अलीकडे त्याच महिन्यात, त्याच दरीत पुन्हा गेलो. बर्फ होता, पण पुष्कळ ठिकाणी तो काठाला चिकटलेल्या अरुंद पट्टीएवढा. मधून हिरवं पाणी उघडं वाहत होतं. पट्टी संपली की कड्याला हात घालायचा, खडकावरून पलीकडे जायचं, पुन्हा पट्टीवर उतरायचं. दुपारनंतर बर्फावर घोट्याएवढं पाणी. वाटाड्या तरुण होता, पहिल्या वेळच्या वाटाड्याच्या नात्यातला. त्याची काठी जवळजवळ प्रत्येक पावलाला वाजत होती. मुक्कामावर मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, 'सर, मेरे पिताजी कहते थे, चादर कब बनेगी, हम बता सकते हैं। अब हम नहीं बता सकते।' बर्फ कमी झाला हे मोजता येईल. पण पिढ्यान्‌पिढ्यांचं अनुभवी ज्ञान एका पिढीत निकामी होतंय, ते कशानं मोजायचं?

एक गोष्ट सांगायलाच हवी. चादर मोडण्याला एकटी उष्णता कारण नाही. त्या दरीतून आता रस्ता गेलाय. निमू-पदुम-दारचा हा रस्ता २०२४च्या मार्चमध्ये जोडला गेला, आणि रस्त्यासाठी फोडलेला खडक पात्रात येतो. रस्ता व्हायलाच हवा होता. बाळंतिणीला बर्फावरून चालत न्यावं लागू नये, असं झांस्करच्या लोकांनी म्हणणं अगदी रास्त आहे. निरीक्षण सांगताना सगळी कारणं सांगावीत, नाहीतर त्या निरीक्षणाला किंमत राहत नाही.

लडाखकडे आणखी थोडा वेळ थांबू या, कारण पाणी साठवणं म्हणजे काय हे तिथे सर्वांत स्वच्छ दिसतं. लेहला वर्षभरात पाऊस पडतो तो साधारण १०० मिलिमीटर. आपल्याकडे महाबळेश्वरला आषाढातल्या एका दिवसात तेवढा पडून जातो. तिथली जवाची शेती, जर्दाळूच्या बागा, सगळं वरून वितळून येणाऱ्या पाण्यावर. गावात चुरपोन असतो. कुणाच्या शेतात पाणी किती वेळ सोडायचं हे तो ठरवतो. पाटाला तिथे युरा म्हणतात, तळ्याला झिंग. ही व्यवस्था शतकानुशतकं चालत आलेली, आणि तिची खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते. पेरणीला पाणी तेव्हा हवं असतं. वरच्या हिमनद्या जूनशिवाय नीट वितळत नाहीत. मग पेरणीचं पाणी येणार कुठून? खालच्या उतारांवर हिवाळ्यात साठलेल्या बर्फातून. तो बर्फ साठला नाही, तर हिमनदी डोक्यावर असूनही शेत कोरडं.

चेवांग नोर्फेल या लडाखी अभियंत्यानं ही नड ओळखली. नाल्याचं पाणी हिवाळ्यात वाया वाहून जातं, ते सावलीच्या उतारावर दगडी बांध घालून संथ करायचं, पसरायचं आणि गोठू द्यायचं. गावाच्या जवळ, कमी उंचीवर बर्फ साठला की तो पेरणीच्या वेळीच वितळतो. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. पुढे सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४च्या सुमारास बर्फाचे स्तूप उभे केले. वरून नळानं पाणी आणायचं, खाली उताराच्या दाबानं ते कारंज्यासारखं उडतं, कडाक्याच्या हवेत गोठतं आणि शंकूसारखा ढीग वाढत जातो. शंकूला ऊन लागणारा पृष्ठभाग कमी, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो. किती साधी, किती सुंदर युक्ती. मी असा स्तूप हात लावून पाहिलाय. आत बाभळीसारख्या काटेरी फांद्यांचा सांगाडा, त्याच्यावर थरावर थर, आणि बुंध्यातून मे महिन्यात टपटपणारं पाणी एका पाटात उतरत होतं. पण श्रोतेहो, या दोन्ही उपायांना कशाची गरज आहे ते पाहा. थंड रात्रींची. हिवाळा कमी पडला म्हणून काढलेल्या उपायालासुद्धा हिवाळाच लागतो. तो आणखी मागे हटला, तर स्तूपही उभे राहणार नाहीत.

झांस्करमधल्या कुमिक गावाला हे भोगावं लागलं. त्या गावाचा ओढा वरच्या बर्फावर चालायचा. ओढा आटत गेला, आणि गावानं सगळ्यांनी बसून ठरवलं की गाव सोडायचं. खाली माळावर, मारथांगला, नवी वस्ती करायची आणि दूरच्या नदीचा कालवा आणायचा. दुष्काळानं गावं उठतात हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. पण ज्यांच्या डोक्यावर हिमशिखरं आहेत त्या माणसांनाही पाण्यासाठी गाव सोडावं लागतं, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

आता दुसरं काम. हिवाळा डोंगर धरून ठेवतो.

किल्ल्याच्या तटबंदीत दोन दगडांमध्ये चुना असतो. चुना झडला की दगड जागच्या जागी दिसतो, पण तट कुजायला लागलेला असतो. उंच हिमालयात कड्यांच्या भेगांमधला बर्फ हेच काम करतो. साधारण पाच हजार मीटरच्या वर, सावलीच्या बाजूंना खडक आणि माती वर्षानुवर्षं गोठलेली असतात. भेगांत बर्फ आहे तोवर कडा उभा. तो बर्फ सैल झाला की?

गिर्यारोहकाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. चढाईसाठी रात्री बारा-एकला निघायचं, हा नियम आम्हाला पहिल्या दिवशी शिकवला गेला. रात्री सगळं गोठलेलं असतं, दगड जागेवर असतात, आणि ऊन चढायच्या आत घळीतून उतरून यायचं. गंगोत्रीच्या परिसरात ज्या घळीतून आम्ही पूर्वी सकाळी दहापर्यंत निर्धास्त उतरायचो, तिथे आता पहाटेच दगडांचा खडखडाट सुरू होतो. रात्रीचं गोठणंच पुरं होत नाही. आपल्या पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी १९९८ साली एव्हरेस्ट गाठलं, तेव्हापासून महाराष्ट्रातून किती तरी मुलं-मुली त्या शिखरावर गेली. तिथली एक वाट जिथून जाते, त्या साउथ कोलवरच्या, आठ हजार मीटरच्या आसपासच्या हिमनदीतून संशोधकांनी बर्फाचा गाभा काढला. २०२२ साली त्यांनी जाहीर केलं, की जो बर्फ साठायला सुमारे दोन हजार वर्षं लागली, तो गेल्या दोन-तीन दशकांत गेला. जगातल्या सर्वांत उंच हिमनदीची ही स्थिती.

७ फेब्रुवारी २०२१. रविवार. महिना पाहा, फेब्रुवारी. चमोली जिल्ह्यात रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ मिळून सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटरचा लगदा सुटला. त्यात बहुतांश खडक होता. तो खाली कोसळताना बर्फाचं पाणी झालं, आणि ऋषिगंगेतून धौलीगंगेत चिखलाची भिंत गेली. एक जलविद्युत प्रकल्प पुसला गेला, दुसऱ्याच्या बोगद्यात कामगार अडकले. दोनशेहून अधिक माणसं गेली. मग ३ ऑक्टोबर २०२३च्या रात्री सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक हे सरोवर फुटलं. तिथे काय घडलं? सरोवराच्या कडेचा, एरवी गोठलेला असलेला हिमोढ, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, जवळजवळ दीड कोटी घनमीटर, घसरून पाण्यात पडला. वीस मीटर उंचीची लाट उठली. तिनं बांध फोडला आणि साठ किलोमीटरवरचं चुंगथांगचं धरण वाहून नेलं.

एकेका घटनेचं पूर्ण खापर तापमानवाढीवर फोडू नये, शास्त्रज्ञही फोडत नाहीत. उतार, खडकाचा पोत, भूकंप, सगळं त्यात असतं. पण गोठलेली जमीन सैलावते आहे, हे दिसत असताना त्याच उतारांखाली, त्याच नद्यांच्या तोंडाशी आपण बोगदे, धरणं, हॉटेलं उभी करत चाललोय. हा निर्णय डोंगरानं घेतलेला नाही. तो आपण घेतलाय. २०१३ साली केदारनाथला, २०२५च्या ऑगस्टमध्ये धरालीला जे पूर आले, त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही अडकले होते. धराली तर खीरगंगा नदीनं पूर्वी आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावरच वसलेलं आहे. नदीनं जी जागा एकदा घेतली, ती नदी पुन्हा मागते. हे तिथल्या म्हाताऱ्यांना माहीत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

तिसरं काम, वेळ सांगण्याचं. यावर थोडक्यात. सफरचंदाच्या झाडाला झोप लागते. हिवाळ्यात सात अंशांच्या खाली ठरावीक तास मिळाले नाहीत, तर त्याला नीट बहर येत नाही. जुन्या रॉयल जातीला असे हजाराहून अधिक तास लागतात. कुलूच्या खालच्या पट्ट्यात ते मिळेनासे झाले, म्हणून तिथल्या बागायतदारांनी डाळिंबं लावली. माझ्या ओळखीच्या एका घरी वडिलांनी लावलेली सफरचंदाची झाडं मुलानं स्वतःच्या हातानं तोडली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही, असं त्याच्या आईनं मला सांगितलं. सांगोल्या-आटपाडीचं डाळिंब हिमाचलात पोचलं, आणि हिमाचलचं सफरचंद आणखी वर लाहौल, स्पितीत चढलं. पण चढून चढून किती चढणार? वर नुसता खडक आहे. उत्तराखंडात बुरांस हा वसंताचा फुलोरा. तो आता जानेवारीतच लाल झालेला दिसतो, आणि प्रवासी कौतुकानं त्याचे फोटो काढतात.

आपला या सगळ्याशी संबंध काय? आहे, आणि अगदी जवळचा आहे. तिकडे झंझावात बर्फ टाकून पुढे सरकला, की उत्तरेची थंड हवा खाली वाहते आणि निफाडचा पारा उतरतो. गहू, हरभरा त्या थंडीवर पोसतो. आणि तेच झंझावात उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये आले, खालून दमट वारे त्यांना भेटले, की मराठवाडा-विदर्भात गारा पडतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते ना? काढणीला आलेली ज्वारी, द्राक्षं, संत्री, सगळं झोपलं होतं. हिमालयातला हिवाळा आणि आपला रब्बी यांना जोडणारं आकाश एकच आहे.

असं का होतंय? मूळ कारण जगभर वाढलेली उष्णता. कोळसा, तेल, वायू जाळून आपण ती वाढवली. पण उंच डोंगर सपाटीपेक्षा जास्त वेगानं तापतात. ताजा बर्फ ऐंशी-नव्वद टक्के ऊन परत फेकतो. बर्फ हटला की उघडी जमीन तेच ऊन पिते, तापते, आणि शेजारचा बर्फ वितळवते. त्यात काजळीची भर. डिझेल, वीटभट्ट्या, शेतातलं पेटवलेलं पाचट, लाकडाच्या चुली यांची काजळी वाऱ्यानं वर जाते, बर्फावर बसते, आणि मळलेला बर्फ ऊन धरून ठेवतो. इसिमोडनं २०२३ साली सांगितलं, की २०११ ते २०२० या दशकात इथल्या हिमनद्यांनी आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगानं बर्फ गमावला. जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली, तरी शतकाअखेर एकतृतीयांश बर्फ जाणार. रोखली नाही, तर ऐंशी टक्क्यांपर्यंत.

कार्बन डायऑक्साइड हवेत शतकानुशतकं राहतो, त्यासाठी सगळ्या जगाला हलावं लागेल, आणि श्रीमंत देशांना आधी. पण काजळी हवेत फार तर काही आठवडे राहते. ती आज थांबवली तर येत्या हिवाळ्यातच बर्फ स्वच्छ पडेल. हे आपल्या देशाच्या, आपल्या राज्यांच्या, पुष्कळसं आपल्या स्वतःच्या हातात आहे. डिसेंबरात केदारकांठ्याला, मनालीला गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात एम.एच. पासिंगच्या गाड्या कमी नसतात. डोंगरावर प्रेम आहे म्हणणाऱ्यांनी तिथे इंजिन चालू ठेवून बसू नये, ही किमान अपेक्षा आहे.

आता एक शेवटचा मुद्दा, आणि त्यासाठीच मी हे व्याख्यान स्वीकारलं. चार हजार मीटरच्या वर हवामान मोजणारी केंद्रं फार थोडी आहेत. लाहौलमधल्या छोटा शिग्री या हिमनदीचं वस्तुमान २००२पासून नेमानं मोजलं जातं, आणि भारतीय हिमालयातली ही सर्वांत दीर्घ अखंड मोजणी आहे. वीसहून थोड्या अधिक वर्षांची. हजारो हिमनद्यांच्या प्रदेशात इतकीच. मग त्याआधीचं कोण सांगणार? इथलंच उदाहरण पाहा. गुरुजींनी शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला होता. रोज सकाळी आठला एक मुलगा पाणी मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. त्या वह्या आजही शाळेत आहेत, आणि या तालुक्याच्या पावसाविषयी कुणाला बोलायचं असेल तर त्या उघडाव्या लागतात. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्था गेली पन्नासेक वर्षं हिमालयात मोहिमा नेताहेत. प्रत्येक मोहिमेत कुणीतरी डायरी लिहिलेली असते. तळ कुठे लावला, बर्फ किती खोल होता, पाऊस कधी लागला, कोणत्या तारखेला कोणता नाला ओलांडता आला नाही. फोटोंच्या मागे तारखा असतात. हे सगळं कपाटांत, माळ्यांवर पडलंय, आणि ज्यांनी लिहिलं ती माणसं सत्तरी-ऐंशीला आली आहेत. एकाच जागेचे दोन काळांतले फोटो शेजारी ठेवले, तर संशोधकाला त्यातून बर्फाची पातळी काढता येते. शिखराच्या फोटोत शिखरावरच्या माणसाचाच चेहरा आपण पाहतो, त्याच्या मागची हिमनदी पाहत नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरात, तुमच्या वडिलांच्या, मामांच्या, सासऱ्यांच्या पेटीत हिमालयातल्या मोहिमेची वही, अल्बम, स्लाइड्स असतील, तर त्या रद्दीत घालू नका. मोहीम यशस्वी झाली की फसली, याचा इथे संबंध नाही. फसलेल्या मोहिमांनी हवामानाच्या नोंदी उलट जास्त लिहिलेल्या असतात. त्या या व्याख्यानमालेच्या कार्यालयात आणून द्या. कार्यवाहांशी माझं बोलणं झालं आहे. वह्यांच्या प्रती काढून मूळ वही तुम्हाला परत मिळेल, आणि त्या प्रती हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांकडे पाठवायची जबाबदारी मी घेतो. आणि जे तरुण या डिसेंबरात निघाले आहेत, त्यांनी खिशात एक वही ठेवावी. तारीख, उंची, सकाळचं तापमान, बर्फ किती, पाऊस की हिम, एवढंच रोज लिहावं आणि परत आल्यावर ती वही इथे जमा करावी. कार्यालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं.